तिसऱ्या रेकॉर्डचा वेग

माझ्या थोरल्या बहिणीने एका इंग्रजी बँडवर मराठीत पुस्तक लिहिलं. ती गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगितलं, आणि प्रत्येकाने मान हलवून विषय बदलला. ताई ऑस्ट्रेलियात, डार्विन शहरातल्या हॉस्पिटलमध्ये कित्येक वर्षं नर्स होती. लोकांना त्याबद्दल ऐकायचं होतं. इथल्या, मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एका बाईंनी फोन करून माझ्याकडे लेख मागितला.

"दोनच पानं लिहा. रुग्णसेवेला वाहून घेतलेलं आयुष्य, असं काहीतरी."

"तिने वाहून घेतलं नव्हतं हो," मी म्हणालो. "ती नोकरी करत होती. चांगली करत होती. वाहून घेतलं होतं ते वेगळ्याच गोष्टीला."

"कशाला?"

मी सांगितलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. मग अंकाची पानं जवळजवळ भरत आली असल्याचं त्यांना आठवलं.

नाशिकहून मावशीचा फोन आला. "किती सोशिक होती रे पोर," मावशी म्हणाली. ताई सोशिक नव्हती. तिने नवऱ्याला घराबाहेर काढलं होतं, तेही त्याच्या आईसमोर. पण मी गप्प बसलो. मी बहुतेक वेळा गप्पच बसतो. ती गेल्यानंतरच्या वर्षात मात्र माझ्या लक्षात आलं की माणूस गेला की सगळे मिळून त्याला दुरुस्त करायला घेतात, आणि गप्प बसणारा त्यांना मदतच करत असतो. म्हणून आता लिहितो आहे. सावकाश लिहितो, पण लिहितो.

बँडचं नाव देत नाही. दिलं तरी बहुतेकांनी ते ऐकलेलं नसेल, आणि ज्याने ऐकलं असेल तो मला पत्र लिहून चुका काढेल. त्यांचे चाहते असेच आहेत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावात पाच जण जमले. गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेली जुनी गाणी, बुडालेल्या होड्यांची, फसवलेल्या मुलींची, त्यांनी इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमवर बसवली. म्हाताऱ्यांना ते आवडलं नाही, कारण गोंगाट फार होता. शहरातल्या तरुणांना आवडलं नाही, कारण गाणी म्हाताऱ्यांची होती. पहिल्या दोन रेकॉर्ड थोड्याफार खपल्या. तिसरीच्या वेळी आधीचा गायक गेला आणि एक नवी गायिका आली. रेकॉर्ड निघाली, वर्षाच्या आत कंपनी बुडाली, आणि गायिकेने गाणंच सोडलं. जाताना तिने एक विनंती केली, ही रेकॉर्ड पुन्हा काढू नका. का, ते तिने सांगितलं नाही. उरलेल्या चौघांनी विचारलंही नाही. शब्द दिला आणि पाळला.

पुढे ते चौघं म्हातारे होईपर्यंत वाजवत राहिले. एक शाळेत शिकवायचा, एक होड्या दुरुस्त करायचा, सुट्ट्या काढून सगळे गावोगावच्या हॉलमध्ये कार्यक्रम करायचे. आणखी सात-आठ रेकॉर्ड आल्या, एकही गाजली नाही. पण तिसऱ्या रेकॉर्डमधलं एकही गाणं त्यांनी पुन्हा वाजवलं नाही. कार्यक्रमात एका ठिकाणी चौघं वाद्यं खाली ठेवतात, हात मांडीवर घेऊन बसतात, आणि त्या रेकॉर्डमधलं शेवटचं गाणं समोर बसलेले लोक म्हणतात. ज्यांच्याकडे ती जुनी रेकॉर्ड आहे त्यांनी ती कधी इंटरनेटवर चढवलेली नाही. घरी या, चहा घ्या, ऐका. कॉपी मिळणार नाही. ताईला या गोष्टीचं फार कौतुक होतं. "जगात काही माणसांना अजून हट्ट कसा करायचा ते कळतं," ती म्हणायची.

आमच्याकडे मात्र कॉपी होती. नाशिकला आमच्या कॉलनीत वरच्या मजल्यावर एक काका राहायचे. ते मालवाहू बोटीवर होते, म्हणून सगळे त्यांना बोटीवरचे काका म्हणत. वर्षातून दोन-तीन महिने घरी असायचे, आणि येताना बंदरांवर मिळालेल्या रेकॉर्ड आणायचे. ताई तेव्हा नर्सिंगला होती. ती वर जाऊन तासन्‌तास ऐकत बसायची. हॉस्टेलवर परत जायची वेळ आली तेव्हा काकांनी तिला दोन कॅसेट भरून दिल्या. त्यातली एक म्हणजे ही तिसरी रेकॉर्ड.

शेवटच्या गाण्याची गोष्ट साधी आहे. बुडालेल्या माणसाचा शर्ट किनाऱ्याला लागतो. त्याची बायको तो धुते, वाळवते, आणि तुटलेलं बटण लावायचं की नाही याचा विचार करत बसते. सात कडवी आहेत. सातव्या कडव्यात ती बटण लावते. मी शाळेत होतो. घरातला इंग्रजी शब्दकोश पहिल्यांदा नीट उघडला गेला तो या गाण्यासाठी. सुट्टीत घरी आली की ताई एक ओळ ऐकायची, बटण दाबून कॅसेट थांबवायची, आणि मी शब्द शोधायचो.

ती ऑस्ट्रेलियात आली, डार्विनला कायमची राहिली. तिच्या मागून काही वर्षांनी मी मेलबर्नला आलो. तिथल्या टार्निट उपनगरात राहतो; ताईची मुलगी शिकायला येईपर्यंत एकटाच होतो. एका इंजिनिअरिंग कंपनीत नकाशे आणि कागदपत्रं तपासणं हे माझं काम आहे. साइटवर गेलेला नकाशा शेवटच्या दुरुस्तीचा आहे ना, जुना चुकून कुणाच्या हातात राहिला नाही ना, हे मी बघतो. चूक दिसली की लाल पेनाने गोल करायचा आणि परत पाठवायचं. वीस वर्षं मी हेच करतो आहे, आणि मला ते आवडतं.

ताई पुस्तक लिहायला बसली ते मुलगी मोठी झाल्यावर. लांबरुंद वह्यांमध्ये, हाताने. दर रविवारी ती मला फोनवर दोन-चार पानं वाचून दाखवायची.

"ताई, इंग्रजीत लिही ना," मी एकदा म्हणालो. "निदान त्यांचे चाहते तरी वाचतील."

"त्यांना सगळं ठाऊक आहे. ठाऊक असलेल्यांना काय सांगायचं?"

"मग मराठीत कोण वाचणार?"

"तू आहेस की. एकटा पडशील म्हणून घाबरतोस काय?"

बँड ऑस्ट्रेलियात एकदाच आला. मेलबर्नच्या पश्चिमेला दीड तासावर एक छोटं गाव आहे, तिथल्या हॉलमध्ये रविवारी दुपारी कार्यक्रम होता. ताई डार्विनहून विमानाने आली. मी तिला घेऊन गेलो. जेमतेम पन्नास माणसं असतील, सगळी पन्नाशीच्या पुढची, बहुतेकांनी घरून सँडविच आणलेली. ताईने शंकरपाळे आणले होते. मध्यंतरात ते हॉलभर फिरले.

दारात एक उंच म्हातारा वही घेऊन उभा होता. तो निवृत्त सर्व्हेअर. या बँडच्या जगभरातल्या प्रत्येक कार्यक्रमाची यादी तो ठेवतो. कुठे, कधी, कुठली गाणी, कुठल्या क्रमाने. ताईने त्याचं तिथल्या तिथे नाव ठेवलं, यादीवाला. त्याच्याकडे तिसरी रेकॉर्ड होती. "कधीही ये, ऐकवतो," तो तिला म्हणाला. ताई म्हणाली, "माझ्याकडे कॅसेट आहे," आणि त्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं.

कार्यक्रमाच्या शेवटाकडे चौघांनी वाद्यं खाली ठेवली. लोक उभे राहिले आणि गायला लागले. ताईसुद्धा गायला लागली. पहिल्या कडव्यातच माझ्या कानांना काहीतरी खटकलं. ती मागे पडत होती. लोक दुसऱ्या कडव्याला गेले तेव्हा तिची पहिल्याची शेवटची ओळ चालू होती. मी तिला कोपराने हलकेच ढोसलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. डोळे समोर, हात पाठीशी, ती आपल्या वेगाने गात राहिली. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. सगळ्यांचं गाणं संपलं, ते बसायला लागले, आणि ताईचं अख्खं कडवं बाकी होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती उभी होती. एकटी, साडीत, खड्या आवाजात. बटण लावून होईपर्यंत ती गात राहिली. फिडल वाजवणारा म्हातारा खाली मान घालून ऐकत होता. तिचं संपल्यावर त्याने मान वर केली आणि तिला हलकासा नमस्कार केल्यासारखं केलं.

परत येताना गाडीत मी म्हणालो, "अगं, थांबायचं ना जरा."

"मी का थांबू? ते लोक गात नव्हते. उरकत होते."

"पन्नास जण उरकत होते आणि तू एकटी बरोबर?"

"हो," ती म्हणाली आणि उरलेले शंकरपाळे खायला लागली.

आजारपण फार लांबलं नाही. शेवटचे काही आठवडे ती ज्या वॉर्डमध्ये काम करायची त्याच्याच वरच्या मजल्यावर होती. मी रजा घेऊन डार्विनला गेलो होतो. तिने मला आठ वह्या दिल्या आणि म्हणाली, "छापून घे. माझ्यानंतर कुणी मागणार नाही, तरी छाप." माझ्या वाहून जाण्याची तिला भीती वाटली असावी, कारण पुढे म्हणाली, "रडत बसलास तर छापून होणार नाही."

वह्यांमधली अकरा प्रकरणं मी घरी आणून टाइप केली. तिसऱ्या रेकॉर्डचं प्रकरण सगळ्यात मोठं आहे, चाळीस पानांचं. बाकीच्या प्रकरणांत बँडची हकिगत आहे. ते चौघं कसे भांडले, कसे टिकले, कुठल्या रेकॉर्डमध्ये काय फसलं. या प्रकरणात ताई स्वतः आहे. त्यातला एक तुकडा असा:

"ही गायिका चाळिशीच्या आतबाहेरची असावी. तिचा आवाज जड आहे, दमलेला नाही. ती गाणं ओढत नाही. जड वस्तू दोन हातांनी उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवावी तशी ती एक एक शब्द ठेवते. जात्यावर ओवी म्हणणारी बाई घाई करत नाही, कारण जातं घाई करू देत नाही. मी आजवर किती गेलेल्या माणसांचे कपडे घडी करून नातेवाइकांच्या हातात दिले त्याची गणती नाही. ते कपडे कुणी भराभर घडी करत नाही. नवी आलेली पोर असली तरी तिचे हात आपोआप सावकाश होतात. या गाण्याची चाल त्या हातांची आहे. शेवटी, गाणं संपल्यावर, तिला एक हुंदका येतो. तो त्यांनी कापला नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे."

त्या हुंदक्यावर पुढे दोन पानं आहेत.

पुण्याचे एक प्रकाशक ताईच्या मैत्रिणीच्या ओळखीचे निघाले. लहान प्रकाशन, वर्षाला पाच-सहा पुस्तकं. त्यांनी हस्तलिखित वाचलं आणि छापायला तयार झाले. छापायच्या आधी नावं-तारखा तपासून घ्याव्यात म्हणून मी यादीवाल्याला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "शनिवारी दुपारी ये. तुझ्या बहिणीला जे ऐकवायचं राहिलं ते तुला ऐकवतो."

मी भाचीला बरोबर घेतलं. ती इथे युनीला, म्हणजे विद्यापीठात आहे, माझ्याकडेच राहते. डार्विनमध्ये वाढलेली, मराठी सगळं समजतं, वाचता अडखळत येतं, बोलते इंग्रजीत आणि भांडते दोन्हींत.

यादीवाल्याने दार उघडलं आणि पहिलं वाक्य बोलला ते भाचीशी. "शेवटी एकटी गात राहिली तिची मुलगी ना तू?"

"दॅट्स मी," भाची म्हणाली. "सॉरी अबाउट दॅट."

"सॉरी कसलं, मेट? यादीत त्या दिवसासमोर मी तशी नोंद केली आहे."

चहा झाला, फ्रूटकेक झाला. मग त्याने हात धुतले, पुसले, कपाटातून ती रेकॉर्ड काढली आणि लावली. आम्ही थेट शेवटचं गाणं ऐकलं.

पहिली ओळ आली आणि मी भाचीकडे बघितलं, भाचीने माझ्याकडे. आवाज एका मुलीचा होता. पातळ, स्वच्छ, वर वर जाणारा. गाणं चालत होतं, जवळजवळ नाचत होतं. कडवी एकामागून एक येऊन जात होती. त्या हॉलमधले पन्नास लोक गात होते तसंच. आणि संपल्यावर, सुई मध्यापर्यंत पोहोचायच्या आधी, ती मुलगी हसली. छोटंसं, श्वास सोडून, काहीतरी जमल्यावर पोरं हसतात तसं.

भाचीच्या फोनमध्ये कॅसेटची कॉपी होती. तिने न विचारता ती लावली. यादीवाल्याने फोनवर दिसणारी वेळ बघितली. रेकॉर्डवरचं गाणं सव्वापाच मिनिटांचं होतं, आमचं जवळजवळ सहा मिनिटांचं. एक कडवं ऐकल्यावरच तो म्हणाला, "ज्याने ही भरली त्याच्या टर्नटेबलचा पट्टा सैल होता. रेकॉर्ड हळू फिरली, म्हणून आवाज खाली उतरला आणि गाणं लांबलं. ही मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी शेवटी ड्रमवाला स्टुलावरून घसरला म्हणून ती हसली."

बोटीवरचे काका त्या पट्ट्याला कधी टाल्कम पावडर तर कधी राळ लावायचे, ते मला तिथे बसल्या बसल्या आठवलं.

"तुझ्या बहिणीने यावर किती लिहिलंय?" त्याने विचारलं.

"चाळीस पानं."

त्याने कप खाली ठेवला. "ते काढावं लागेल, मेट. चांगल्या मनाने सांगतो. लोक एकदा असलं छापलेलं वाचतात आणि मग तेच खरं धरून चालतात. मी अर्धं आयुष्य असल्या चुका निस्तरतो आहे."

घरी येताना गाडी मी चालवत होतो. भाची म्हणाली, "मामा, यू हॅव टु फिक्स इट."

"बघू."

"बघू काय? शी हेटेड बीइंग राँग. तुला माहितीये. तिने एकदा फार्मसीवाल्याशी एका डोसवरून अर्धा तास वाद घातला होता."

"मग कोण बरोबर निघालं?"

"ती. पण तो पॉइंट नाहीये. ती जिवंत असती तर तिने स्वतः बदललं असतं."

भाची म्हणत होती ते पटण्यासारखं होतं. माझं कामच ते आहे. चुकीचा नकाशा साइटवर गेला तर भिंत चुकीच्या जागी उभी राहते. त्या आठवड्यात मी चाळीस पानं लाल पेन घेऊन वाचली. चाळिशीच्या आतबाहेरची, चूक. जड आवाज, चूक. हुंदका, चूक. गोल करत गेलो. पंधरा पानं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की जिथे जिथे गोल आहे तिथे तिथे ताई आहे. तिचा वॉर्ड, तिच्या देखत गेलेली माणसं, कपड्यांच्या घड्या, शिफ्ट संपल्यावर हॉस्पिटलच्या कारपार्कमध्ये गाडी चालू न करता कॅसेट ऐकत बसणं. हे सगळं तिला त्या वेगाने दिलं होतं. सव्वापाच मिनिटांत ते मावलं नसतं. गोल नसलेला मजकूर पुरेसा बरोबर होता आणि त्यात कुणीच नव्हतं.

ताई जिवंत असती तर तिने बदललं असतं का? असेल. पण ते तिने बदललं असतं. रागावून, यादीवाल्याशी भांडून, वही फाडून, नवं काहीतरी लिहून. मी बदललं तर ती मंडळाच्या बाईंची वाहून घेतलेली नर्स होते, मावशीची सोशिक पोर होते, आणि त्याच रांगेत माझी, अचूक माहिती देणारी लेखिका. वर्षभर सगळे तिला दुरुस्त करत होते. माझ्या हातात तर लाल पेनच होतं.

मी प्रकाशकांना फोन केला आणि सगळं सांगितलं, पट्ट्यासकट. लपवायचं नव्हतं.

"अहो, मग सोपं आहे," ते म्हणाले. "ते प्रकरण वगळू. दहा प्रकरणांचं पुस्तक सुटसुटीत होईल."

"वगळायचं नाही."

"मग तळटीपा देऊ. प्रत्येक चुकीला एक."

"तळटीपा नकोत. प्रकरणाच्या सुरुवातीला मी माझ्या नावाने एक पान लिहीन. कॅसेट हळू भरली गेली होती, गायिका एकोणीस वर्षांची होती, शेवटी ती हसली. वाचकाला सगळं आधी कळेल. त्यानंतर ताईचा मजकूर आहे तसा."

"आधीच सांगितलं की हे चूक आहे, तर पुढची चाळीस पानं कोण वाचेल?"

"ज्याला वाचायची असतील तो."

"लोक हसतील हो. तुमच्याच बहिणीला हसतील."

"हसू द्या," मी म्हणालो. "ती पन्नास लोकांसमोर एकटी गायली आहे. तिला सवय आहे."

ते म्हणाले, "तुम्ही फार शांत माणूस आहात असं मला सांगितलं होतं."

"आहे," मी म्हणालो.

ते तयार झाले, पण नाखुशीने. यादीवाल्यालाही मी पत्राने कळवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं, "तरीही ते चूक आहे." मी उत्तर दिलं, "हो. आणि ते राहणार आहे." त्यानंतर त्याचं पत्र आलेलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. तो चांगला माणूस आहे. भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "फाइन. पण त्या पानावर तुझं नाव मोठं टाक. लोक तुला शिव्या देतील, आईला नाही."

गेल्या महिन्यात मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, ईमेलने आली. मी ती छापून घेतली आणि रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वह्यांशी पडताळायला बसलो. तिसऱ्या रेकॉर्डच्या प्रकरणात दुसऱ्याच पानावर थबकलो. "ही गायिका तरुण असावी," असं छापलं होतं. वही उघडून बघितलं. वहीत चाळिशीच होती. पुढे "आवाज जड आहे"च्या जागी "आवाज कोवळा आहे". प्रकाशकांच्या संपादकाने माझं सुरुवातीचं पान वाचलं होतं आणि भल्या मनाने, कुणाला न सांगता, पुढचं सगळं त्याच्याशी जुळवून टाकलं होतं. हुंदक्याचं हसू केलं होतं. पण दोन पानांचा बाकीचा मजकूर तसाच राहिला होता, त्यामुळे ताई आता म्हणत होती, "हे हसू ऐकलं की मला आमच्या वॉर्डमधली आई आठवते, जिने मुलाचे बूट छातीशी धरले होते."

मी ते वाक्य मोठ्याने वाचलं. भाची सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिने मान वर केली.

"व्हॉट? परत वाच."

परत वाचलं.

"हे भयंकर आहे," ती म्हणाली. "आई असं लिहिणारच नाही. आई राँग असेल, पण ती येडी नव्हती."

ती उठून टेबलापाशी आली. खुर्ची ओढून बसली, वही स्वतःकडे घेतली आणि बोट ठेवून ताईचं अक्षर वाचायला लागली. जोडाक्षरांशी अडखळायची, मागे यायची, पुन्हा वाचायची. मी छापलेल्या पानावर शब्द खोडायचो आणि समासात लिहायचो, मूळप्रमाणे ठेवावे. पहिल्या पाच-सहा ठिकाणी मीच दाखवत होतो. मग ती माझ्या पुढे जायला लागली. दोन वाजले. भात सकाळचाच होता, तो आम्ही टेबलाच्या कडेला ताटल्या ठेवून खाल्ला. एकवीस ठिकाणं झाली होती.

"पुढच्या पानावर पण केलंय," ती म्हणाली. "खालून तिसरी ओळ. मामा, लिसन, इथे ती परत यंग झालीये."

मी पेन उचललं.

"म्हातारी कर तिला," भाची म्हणाली आणि पान उलटलं.